मोहोराआधीची करवत

लेकीचं बाळंतपण उरकून छोटी परत आली, तेव्हा गाडीतून उतरतानाच तिला घराच्या छपरामागे आभाळ दिसलं. तिथे आभाळ दिसायचं काही कारण नव्हतं. तिथे आंब्यांचे शेंडे दिसायला हवे होते, गर्द, एकमेकांत घुसलेले. तिने बॅग फाटकातच टाकली आणि घराला वळसा घालून मागे धावली.

झाडं डझनभर होती आणि एकाही झाडाला शेंडा उरला नव्हता. मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या फांद्या सपासप उतरवल्या होत्या. खाली ओंडक्यांचा ढीग एका बाजूला, डहाळ्यांचा दुसऱ्या बाजूला, अगदी शिस्तीत रचलेला. कापलेल्या तोंडांतून डिंक ओघळून खोडांवर वाळला होता. छोटीने ढिगातली एक डहाळी उचलली. पानं सुकून कुरकुरीत झाली होती, पण टोकाचा डोळा टपोरा फुगलेला होता. अजून थोडी थंडी पडली असती तर तिथून मोहोर बाहेर आला असता.

"आलीस?" मागच्या दारात दादा उभा होता, हातात चहाचा कप. "कसं दिसतंय? मोकळं मोकळं वाटतंय ना?"

छोटीचं वय पन्नाशी ओलांडून गेलं होतं, केस पिकले होते, आता ती आजीही झाली होती. तरी दादा मोठा म्हणून घरात ती छोटीच. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा कडेवरच्या लेकीला घेऊन ती वडिलांच्या घरी परतली होती. वडिलांनी मागची झाडं तिच्या हवाली केली आणि छोटीने त्या झाडांवर लेक वाढवली, शिकवली, तिचा संसार मांडून दिला. आधी खूप चुकली. मग फळबागांच्या सरकारी केंद्रात जाऊन शिकली, आणि पुढे दर वर्षी झाडांशी भांडत भांडत उरलेलं शिकली.

दादा तेव्हा शहरात होता, नळाच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. निवृत्त होऊन तो वहिनीला घेऊन घरी परतला, पण कारखाना सुटला तरी सुपरवायझरकी काही सुटली नाही. वहिनीने कुकरची शिट्टी कधी काढावी, शेजाऱ्याने गाडी कुठे लावावी, टपालवाल्याने सायकल कुठून वळवावी, सगळ्यावर त्याची देखरेख. झाडं तेवढी राहिली होती.

"कोणी कापली?" छोटीने विचारलं.

"मी. म्हणजे दोन माणसं लावली होती हाताखाली, पण करवत माझी. नवी घेतली, पेट्रोलवर चालते. लोण्यासारखी कापते!"

"आत्ता? आत्ता कापलीस?"

"मग कधी? आता गारवा आहे, काम करायला बरं. उन्हाचं मला सोसत नाही."

"तुला सोसत नाही म्हणून झाडं आत्ता कापलीस?"

"अगं, आत उजेडच जात नव्हता. मी व्हिडिओ बघितला. करवतीच्या दुकानदारालाही विचारलं. झाड मोकळं करा, ऊन आत जाऊ द्या, सगळे हेच म्हणतात."

"बरोबर म्हणतात. पण कधी, ते ऐकलंस का?" छोटीने हातातली डहाळी त्याच्या नाकासमोर धरली. "दादा, आंब्याला मोहोर फांदीच्या टोकाला येतो. फळं उतरली की झाड नवी पालवी काढतं. ती वाढते, जून होते, थंडीपर्यंत टोक पक्कं होतं, तेव्हा कुठे तिथे मोहोर धरतो. छाटायचं ते फळं उतरल्याबरोबर, म्हणजे नव्या टोकांना वेळ मिळतो. तू बरोबर ती पिकलेली टोकं उडवलीस. यंदाचं सगळं पीक त्या ढिगात पडलंय!"

"येतील की नवी टोकं."

"येतील ना. पानांची येतील."

"झाडाला काय कॅलेंडर कळतं?"

"झाडाला कळतं. तुलाच कळत नाही!"

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "आल्या आल्या काय हे? आधी हातपाय धू, बाळाचे फोटो दाखव."

छोटीने हातपाय धुतले, पण फोन पिशवीतून काढला नाही. बाळाचे फोटो त्या दिवशी कोणीच बघितले नाहीत. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून ते बोडके बुंधे बघत होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. बोलायचं एवढं होतं की सुरुवात कुठून करावी तेच कळेना.

पुढे सगळं तिने सांगितलं तसंच झालं, आणि आपलं खरं ठरलं याचा तिला काडीचा आनंद झाला नाही. आसपासच्या बागांत झाडं मोहोराने पिवळसर होऊन गेली, वाऱ्याबरोबर तो गोड उग्र वास छोटीच्या अंगणात येई. तिच्या झाडांना मात्र कापलेल्या तोंडांभोवती झुबक्यांनी कोंब फुटले आणि त्यांतून तांबूस, लोंबती, लुसलुशीत पानं आली. बघायला देखणी. दादा त्या पानांचे फोटो काढून मित्रांना पाठवायचा.

"बघ, कशी तरारली! म्हणे झाडं मेली."

"मेली असं मी म्हटलंच नव्हतं. मोहोर येणार नाही म्हटलं होतं. दाखव, कुठे आहे?"

दादाने झाडांकडे बघितलं आणि घड्याळाकडे बघितलं. मग त्याला कसलंसं काम आठवलं.

कैऱ्यांचे दिवस आले. कोपऱ्यावरची फळवाली दर वर्षी छोटीचा माल उचलायची. ती चौकशीला आली, रिकामी झाडं बघून चुकचुकली आणि म्हणाली, "तुमचे दादा सांगत होते, तुम्ही लेकीकडे गेलात आणि इकडे पाण्याची आबाळ झाली. असं होतं हो. एकटीने किती बघणार?"

छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच पुढच्या खोलीत गेली. दादा खुर्चीत पेपर वाचत बसला होता.

"पाण्याची आबाळ झाली?"

"कोण म्हणालं?"

"तू म्हणालास! गावभर सांगत फिरतोयस. मोहोराच्या आधी आंब्याला पाणी द्यायचंच नसतं, दादा. मुद्दाम ताण द्यायचा असतो. खोटं बोलायचं तर निदान माहिती काढून बोल!"

"लोकांना काहीतरी सांगावंच लागतं ना."

"खरं सांग!"

"आवाज खाली," दादा पेपर न हलवता म्हणाला. "शेजारी ऐकतील."

शेजाऱ्यांनी ऐकावं म्हणून छोटी अंगणात जाऊन तेच पुन्हा बोलली, झाडांना उद्देशून, अगदी मोठ्याने. वहिनीने पटापट खिडक्या लावून घेतल्या.

बोलून मन मोकळं झालं, पण झाडांचं काय? इतरांची फळं उतरली, टोपल्या बाजारात गेल्या, तेव्हा छोटीने शिडी काढली. तिच्याकडे उतरवायला काही नव्हतं, पण छाटणीची वेळ तीच होती. सगळ्यात आधी तिने दादाच्या पेट्रोलच्या करवतीची साखळी काढून पिठाच्या डब्यात लपवली. मग साधी हातकरवत आणि कात्री घेऊन एकेका झाडावर चढली.

दादाने केलेला गोंधळ निस्तरायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. प्रत्येक कापलेल्या तोंडाभोवती कोंबांची नुसती जत्रा भरली होती. ते सगळे ठेवले असते तर त्यांची खराट्यासारखी गर्दी झाली असती. तिने प्रत्येक ठिकाणी बाहेरच्या अंगाला झुकलेले, दमदार असे मोजके ठेवले, बाकीचे काढले. सुकलेलं, किडकं, एकमेकांवर घासणारं लाकूड उतरवलं. काही कापलेली तोंडं उन्हाने चिरली होती, एका बुंध्यात पोखरणारी अळी शिरली होती. तारेने ती बाहेर ओढली. चुना आणि मोरचुदाचा निळसर लेप कालवून प्रत्येक जखमेला फासला. बुंध्याशी खत घातलं. संध्याकाळी शिडीवरून उतरली की तिचे दंड भरून आलेले असत.

दादा ओट्यावरून बघायचा. "मी कापली तर गुन्हा आणि तू कापतेस ते चालतं?"

"फळांच्या मोसमानंतर चालतं. हेच तर तुला सांगत होते."

"कापणं ते कापणंच."

छोटी पुढच्या झाडावर चढली. नवी पालवी आली, हिरवी झाली, जून झाली. त्यानंतर तिने झाडाला बोट लावलं नाही, कोणाला लावू दिलं नाही.

आणि पुढच्या थंडीत झाडं मोहोराने लहडली. टोकन् टोक तुऱ्यांनी भरलं, पानं दिसेनात. माश्यांची गुणगुण घरात ऐकू येई. वर्षभर फळ न धरल्यामुळे झाडांकडे साठा होता, आत ऊन जात होतं, आणि टोकांना पिकायला पुरता वेळ मिळाला होता. छोटी सकाळी उठून झाडाखाली नुसती उभी राहायची. तिला रडूच यायचं.

बाहेरून कौतुकाचे आवाज ऐकू आले म्हणून एका सकाळी ती मागच्या दाराशी गेली. दादा चार माणसांना झाडं दाखवत होता.

"हे सगळं छाटणीचं फळ," दादा सांगत होता. "हिंमत लागते. सगळे नको नको म्हणत होते. घरातूनच विरोध होता! मी म्हटलं, नाही, कापायचं म्हणजे कापायचं."

माणसं माना डोलवत होती. छोटी दाराला धरून उभी राहिली. वर्षभराचं पीक बुडवलं तेव्हा पाण्याची आबाळ, आणि आता पीक आलं तर दादाची हिंमत! एखाद्याने किती निगरगट्ट असावं?

फळं मोठी होऊन फांद्या वाकायला लागल्या तशी दादाची ख्याती वाढली. बागवाल्यांच्या मंडळाची सभा होती. अध्यक्ष स्वतः घरी येऊन आमंत्रण देऊन गेले: छाटणीवर चार शब्द बोला. आमंत्रण दादाला. अध्यक्षांना चहा छोटीने दिला.

"तू पण ये," दादा उदार होऊन म्हणाला. "लोक काय म्हणतात ते तरी ऐक."

"येते की," छोटी म्हणाली.

मंडळाचा हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि घरघरणारे पंखे. बरीच गर्दी जमली होती. छोटी मागच्या बाजूला बसली. तिच्या शेजारी, दाराच्या अगदी लगत, एक तरुण जोडपं होतं. तो शाळेची बस चालवायचा, ती धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. थोडी आंब्याची झाडं असलेला जमिनीचा तुकडा त्यांनी नुकताच घेतला होता. बाई मांडीवर वही ठेवून सगळं उतरवून घेत होती.

दादा छान बोलला. सुपरवायझरकीची सवय, आवाज खणखणीत. पडद्यावर आधीच्या झाडांचा फोटो, मग आताच्या लगडलेल्या झाडांचा. मधलं वर्ष त्याने गाळूनच टाकलं. छोटी हाताची घडी घालून ऐकत होती. श्रेय घेतोय, घेऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आयुष्यभर घेतलं, अजून एकदा. वहिनीला तिने तसा शब्दही दिला होता.

मग कोणीतरी विचारलं, "छाटायचं कधी?"

"थंडीच्या तोंडाशी," दादा म्हणाला. "मोहोराच्या जरा आधी. मी तेव्हाच कापली. गारवा असतो, माणसं मिळतात. बिनधास्त कापा!"

पुढच्या रांगांत पेनं चालू लागली. शेजारच्या बाईने ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं, कामाची पाळी गाठायची होती; दोघं वाकून, आवाज न करता दाराबाहेर पडली.

छोटी उठून उभी राहिली. वहिनीला दिलेला शब्द कुठल्या कुठे गेला.

"दादा, हे खोटं आहे!"

सगळ्या माना मागे वळल्या. दादा हसला, तोंडभर. "माझी धाकटी बहीण. छोटी, बस खाली."

"बसत नाही. ही माणसं घरी जाऊन झाडं कापतील. यांचं वर्ष बुडेल. मधल्या वर्षी आपल्याकडे किती फळं आली ते सांग."

"तो विषय वेगळा."

"एक फळ आलं नाही!" छोटी लोकांकडे वळली. "याने थंडीत कापली, त्या वर्षी नुसती पानं आली. आता तुम्ही जी फळं बघितलीत ती त्यानंतरच्या छाटणीची. दुसऱ्यांची फळं उतरली तेव्हा मी छाटली, कोंब विरळ केले, जखमांना लेप लावला, मग ही टोकं तयार झाली. मोठ्या फांद्या गेल्याने आत उजेड आला, हे मी मान्य करते. तेवढं याचं. पण तेही काम फळं उतरल्यावरच करायचं. फळं उतरली की छाटा, नंतर हात लावू नका. एवढं लिहा आणि ते आधीचं खोडा!"

काही जण खोडायला लागले, काही हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "घरचं भांडण घरी मिटवा की ताई." एका जाडजूड बागवाल्याने दादाचीच बाजू घेतली: झाडं तर लगडलीत, डोळ्यांना दिसतंय, मग वाद कशाला? अध्यक्ष लगबगीने उठले. "दोन्ही मतांचा आपण आदर करू," ते म्हणाले, आणि चहा मागवला.

दोन्ही मतांचा! जसं काही सूर्य कुठे उगवतो यावर मतदान घ्यायचं होतं. छोटी चहा न घेताच निघाली.

घरी आल्यावर दादाने दार धाडकन लावलं. "चारचौघांत माझी अब्रू काढलीस."

"तू सांगितलं असतंस खरं, तर मी कशाला उठले असते?"

"खाजगीत सांगता आलं असतं."

"खाजगीत! खाजगीत मी दोन वर्षं सांगतेय! व्हिडिओला विचारलंस, दुकानदाराला विचारलंस. मला एक फोन करता आला नाही? मी काय परलोकात होते? लेकीच्या घरी होते. रोज वहिनीशी बोलत होते. तू शेजारीच बसलेला असायचास, फोनवर तुझं खोकणं मला ऐकू यायचं! तेव्हा का नाही विचारलंस?"

दादा एकदम चिडून म्हणाला, "कारण तू नको म्हणाली असतीस!"

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. छोटी त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, याला कळत नाही. अडाणीपणाला माफी असते. पण याला पुरतं ठाऊक होतं. ती नको म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणून तर ती गावाला गेल्याचा मुहूर्त धरला.

"अच्छा," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला नव्हता. "म्हणजे झाडं तुला कापायची नव्हतीच. मला डावलून काहीतरी करायचं होतं."

"मी या घरातला मोठा आहे. प्रत्येक गोष्ट तुला विचारून करायची?"

"झाडांची, हो."

त्यानंतर कितीतरी दिवस दोघांत बोलणं नव्हतं. मीठ वाढ, दार लाव, एवढंही वहिनीमार्फत. फळं उतरली, चांगली उतरली, फळवालीने हसत हसत उचलली. छोटीने पुन्हा वेळेवर हलकी छाटणी केली. दादा ओट्यावर आला नाही.

थंडी पुन्हा आली. एका रविवारी छोटी शेडमध्ये टोपल्या दुरुस्त करत होती, तेव्हा पुढच्या अंगणात अनोळखी आवाज आले. तिने डोकावलं. सभेतलं ते जोडपं होतं. बाईच्या हातात एक डहाळी होती, टोकाला तांबूस पानांचा झुबका.

"साहेब, तुम्ही सांगितलं तसंच केलं," बसवाला म्हणत होता. "थंडीच्या तोंडाशी. सगळीकडे मोहोर आलाय, आमच्याकडे नुसती ही पानं. काही औषध मारायचं राहिलं का?"

दादाने डहाळी हातात घेतली, उलटसुलट केली. "हवामान," तो म्हणाला. "हवा फार बदललीय हल्ली."

छोटीच्या हातातली टोपली खाली पडली. ती तरातरा बाहेर आली.

"चल," ती दादाला म्हणाली. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द.

"कुठे?"

"यांच्या बागेत. चप्पल घाल."

कोण जाणे का, दादाने चप्पल घातली.

झाडं फार मोठी नव्हती, पण हौसेने जपलेली होती. प्रत्येक बुंध्याभोवती स्वच्छ आळं, कडेने विटांचे तुकडे लावलेले. आणि वर, झाडामागून झाड, सगळी तांब्याच्या रंगाची पानं, वाऱ्यावर लोंबत. मोहोराचा एक तुरा नाही.

"आम्ही दोघांनीच कापली," बाई सांगायला लागली. "सुट्टी काढली त्यासाठी. हा शिडीवर, मी खालून सांगत होते. पहिल्यांदाच आमची फळं खायला मिळणार म्हणून आईलाही सांगून ठेवलं होतं." ती थांबली. "आमचं काय चुकलं ते तरी सांगा. पुढच्या वेळी चुकणार नाही."

दातावर दात दाबून छोटी दादाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता हा पुन्हा हवामान म्हणाला तर मी याला याच झाडाला बांधून जाईन.

दादा एका कापलेल्या तोंडाशी उभा होता. त्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही. मी चुकीचं सांगितलं."

"पण तुमच्या झाडांना तर..."

"आमच्याकडेही असंच झालं होतं. एक वर्ष पूर्ण गेलं. मग हिने सावरलं. फळं उतरल्यावर छाटायचं असतं. सभेत मी ते सांगितलं नाही."

"का?" बसवाल्याने विचारलं. अगदी साधेपणाने, खरंच कळावं म्हणून.

दादाने आळ्याच्या कडेचा सुटलेला विटेचा तुकडा पायाने जागेवर सरकवला. बाईने नवऱ्याकडे बघितलं, मग दादाकडे. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. ती डहाळी तिने बुंध्यावर जोरात आपटली आणि फेकून दिली. छोटीला ती बाई फार आवडली.

मग छोटीने त्यांना झाडाझाडाखाली नेलं. यंदाचं गेलं ते गेलं, आता चिडून पुन्हा कात्री लावू नका. कोंब वाढू द्या. दुसऱ्यांची फळं उतरायला लागली की मला बोलवा, मी येते, कुठले ठेवायचे ते दाखवते. बुंध्यांना ऊन लागतंय, तेवढा चुना आत्ता लावा. बाई वही आणायला विसरली होती. तिने सगळं दोनदा म्हणून दाखवलं.

परतताना घराच्या वळणावर दादा म्हणाला, "कबूल केलं ना मी? अजून राग आहे?"

"आहे."

"आता काय राहिलं?"

"मला द्यायची कबुली राहिली ना! त्यांना सांगितलंस, मला कुठे सांगितलंस?"

दादा चालत राहिला. फाटकाशी येऊन कडी काढता काढता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुला विचारायला पाहिजे होतं." आणि भराभर आत गेला. छोटी रस्त्यातच उभी राहिली. एवढंसं वाक्य ऐकायला दोन थंड्या जाव्या लागल्या, याचाच तिला नव्याने संताप आला.

फळं उतरण्याच्या दिवसांत बसवाल्याचा निरोप आला. छोटी करवत, कात्री, लेपाची बादली घेऊन निघाली, तर दादा आधीच फाटकाशी उभा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने बादली उचलली.

दिवसभर छोटी छाटत होती, बसवाला शिडी धरत होता, त्याची बायको कुठला कोंब का ठेवला ते विचारून विचारून छोटीचं डोकं खात होती. दादा कुंचला घेऊन मागून लेप लावत यायचा. दुपारपर्यंत बरा होता. मग त्याच्यातला सुपरवायझर जागा झाला, आणि तो बसवाल्याला शिडी कशी धरावी ते सांगायला लागला.

"दादा!" छोटी वरून ओरडली. "तोंड बंद ठेव आणि ती वरची जखम आधी झाक! पाणी तिथून मुरतं. किती वेळा सांगू?"

"लावतोय, लावतोय," दादा म्हणाला, आणि कुंचला बादलीत बुडवला.